निवृत्तीचं हिरवळीवरचं यंत्र

लातूर जिल्हा होऊन वर्ष होत आलं, तेव्हा नव्या कचेरीच्या मैदानासाठी बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र आलं. ट्रॅक्टर चालवता येतो म्हणून खोऱ्यावरच्या निवृत्तीला त्यावर बसवलं.

आधी खडे वेचायचे, मग सरळ ओळी धरायच्या. दुसरी ओळ पहिलीवर थोडी चढवायची, म्हणजे मधे शेंडी राहत नाही. यंत्र घुमू लागलं की ओल्या गवताचा वास यायचा आणि निवृत्तीला पुढे सोम्या चालताना दिसायचा. बहात्तरच्या दुष्काळात दावणीलाच मेलेला त्याचा पांढरा बैल. त्या साली निवृत्तीनं त्याच्यासाठी बांधावरचं गवत विळ्यानं मुळापर्यंत खरडलं होतं. तीच सवय हातात होती. त्यानं पातं पार खाली लावलं.

त्यात यंदा पाऊसही ओढला. आठ दिवसांत मैदान पिवळं पडलं.

"निवृत्ती, मैदानाची हजामत केलीस की रे!" मुकादम व्यंकटराव म्हणाले. "झेंडावंदनाला हिरवं दिसलं न्हाई, तर यंत्र दुसऱ्याकडं. तू पुन्हा खोरं धर."

यंत्र गेलं तर सोम्याही जाणार होता.

दुपारी त्याची बायको केवळाबाई भाकरी घेऊन आली आणि कडेच्या लिंबाखाली बसली. तिथलं गवत उंच, हिरवं होतं.

"अवो, हे का सोडलं?"

"तिथं गाडी वळत न्हाई."

"मंग हेच बेस हाय की. बुडाला हात लावून बघा, माती गार हाय."

"उभं ठेवलं तर वैरण वाया जाती."

केवळाबाई हसत सुटली. "हितं कोणाचं ढोर बांधलंय?"

निवृत्तीनं घास खाली ठेवला आणि गवताच्या बुडाला हात घातला.

मग गवत वाढू द्यावं म्हणून त्यानं यंत्र झाकून ठेवलं. श्रावणाची भुरभुर आली, गवतानं मान वर काढली. झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी त्यानं पात्याला धार लावली, दांडा ओढून पातं वर घेतलं आणि नुसते शेंडे उडवले. पातं खाली करायला हात दोनदा दांड्याकडे गेला, दोनदा त्यानं तो मागं घेतला. कापलेलं बारीक गवत तिथंच पसरू दिलं, मातीला सावली म्हणून.

संध्याकाळी व्यंकटराव आले. चपला काढून हिरवळीवर चार पावलं चालले.

"उद्या लवकर ये," ते म्हणाले. "यंत्र पुसून ठेव."

निवृत्ती यंत्रावरच बसून राहिला. समोर सोम्या थांबला होता. दुष्काळानंतर पहिल्यांदाच मान खाली घालून तो सावकाश चरू लागला.