उलटे वाचलेले रंग

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत रेडिओ बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात आम्ही दोघं एकाच आठवड्यात लागलो. मी शहरातला, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला. तो करमाडच्या पुढच्या एका खेड्यातला, गावाबाहेरच्या बौद्धवस्तीतला. दोघांनाही वर्षभर उमेदवारी, मग साहेबांच्या मनात आलं तर कायम.

माझं काम रेझिस्टर निवडायचं. वीज अडवणारा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा, अंगावर रंगीत पट्ट्या. काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन. पहिले दोन रंग म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे त्यापुढची शून्यं. हे त्यानंच माझ्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं. आयटीआयमध्ये तो पहिला आलेला, मी कसाबसा पास. मी निवडून डब्या भरायच्या, त्यानं ते तुकडे बोर्डावर सोल्डर करायचे. मोजायचं मीटर एकच, तेही साहेबांच्या कपाटात.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा रान पेटलं होतं. जेवताना वडील विरोधात तावातावानं बोलायचे आणि मी मान खाली घालून भाकरी मोडायचो. गप्प बसलं की आपण कुणाच्याच बाजूचे नाही, असं मला वाटायचं. भलताच शहाणा होतो! त्याच दिवसांत त्याच्या वस्तीवर लोक चालून आले, घरं जाळली. तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा डोळे सुजलेले होते. "मायला बहिणीकडं नेऊन ठिवलं," एवढंच म्हणाला आणि कामाला बसला.

त्या दिवशीच्या मालात शेवट दाखवणारी सोनेरी पट्टी इतकी फिकी होती, की तुकड्याचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं तेच कळेना. तुकडे होते दोनशेवीसचे : तांबडा, तांबडा, तपकिरी. मी उलटीकडून वाचले : तपकिरी, तांबडा, तांबडा. म्हणजे बाराशे. अख्खी पुडी बाराशेच्या डबीत ओतली. दिवसभराचे सगळे बोर्ड बाद झाले.

साहेबांनी मीटर लावून चूक काढली आणि थेट त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"लक्ष सगळं मोर्च्यात. उद्यापासून येऊ नका."

"साहेब, डब्या मी भरीत नाय."

"मग जोडताना डोळे कुठं होते?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हातातला तुकडा निरखत बसलो, जणू त्यावर अजून काही वाचायचं होतं. खोटं कशाला बोलू, भीती होतीच, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

सुटी झाल्यावर त्याला गेटबाहेर गाठलं. "मी काय करणार होतो रे?" मी म्हणालो.

तो चिडलाही नाही. "मी सांगितलं, कुणी ऐकलं का? तू सांगितलं असतं तर ऐकलं असतं."

बस आली, तो चढून गेला. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही.

दोन महिन्यांनी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. मीही एक खाल्ला.