अक्कांची जागा

"बा, कुंद्रु," असं आधी कानडीत म्हणायचं, मग "ये, बस की" असं मराठीत, आणि तोवर स्वतः ओट्यावर हातभर सरकलेलं असायचं, ही अक्कांची रीत. ओटा गच्च भरलेला असला तरी त्या सरकायच्या आणि बाकीच्यांनाही सरकायला लावायच्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल.

मी जळकोटला सून म्हणून आले ती त्यांच्या शेजारच्या घरात. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य. हैदराबादची सडक पेठेतूनच जायची आणि तिच्या कडेला अक्कांचं गूळ-तेलाचं दुकान. गाडीवान थांबला की त्याला आधी पाणी, मग गुळाचा खडा, मग पोराबाळांची चौकशी. तो काही न घेता निघून गेला तरी बाईंना त्याचं काही नाही. मलाच राग यायचा.

"अक्का, ह्ये दुकान हाय का धर्मशाळा?"

"दोनी हाय," त्या म्हणायच्या.

त्यांचे मालक माझ्या लग्नाआधीच गेले होते. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. गावाबाहेर अक्कांच्या मळ्यात मालकांची समाधी होती आणि तिला लागून दगडांनी आखलेली एक मोकळी जागा. ती अक्कांची स्वतःची. दर सोमवारी त्या दोन्ही जागा सारवायच्या. "मालक तिथं बसल्यात, म्या हितं बसणार," असं सांगायच्या, जत्रेच्या गाडीत जागा धरून ठेवल्यासारखं.

पुढं मोटारी वाढल्या आणि सडक रुंद करायचं निघालं. सरकारचे एक ओव्हरसियर आले आणि त्यांनी लाल खुंट्यांच्या दोन ओळी ठोकल्या. एक पेठेतून, ती धरली तर सगळ्या घरांच्या पुढच्या खोल्या पडणार. दुसरी गावाबाहेरून, अक्कांच्या मळ्यातून. कुठली बरी, ते साहेबांनी वर लिहून कळवायचं होतं.

अक्कांनी दारातल्या खुंटीला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी साहेब ती हलवायला आले, तर खुंटीवर झेंडूचं फूल.

"अम्मा, ये सरकारी खुंटी है!"

"असू दे की. दारात आलीया ती."

साहेबांनी खुंटीला लावलेला हात मागं घेतला आणि मुकाट्यानं ओट्यावर बसून गूळ-पाणी घेतलं.

मळ्यातली मोजणी करताना मात्र त्यांचं तोंड उतरलं. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला समाधी आणि तिच्यामागं ओढा. "मालिक कू हात नै लगाता, अम्मा. मगर बाजू की जगा सडक में जाती. किसकी है?"

"माझी," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी मोजणीची साखळी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुम नक्को बोले तो पेठ में से लिखता."

सगळ्या पेठेला मळ्यातली सडक हवी होती, पण अक्कांना तसं सांगायला कुणाची जीभ रेटेना. रोज एकेक कर्ता पुरुष यायचा, नको असलेला गूळ घ्यायचा, पावसापाण्याचं बोलायचा आणि निघून जायचा. माझे सासरेही जाऊन आले. आमच्या घरात इतका गूळ झाला की मुंग्या आवरेनात.

मी चिडून अक्कांना म्हटलं, "न्हाय म्हणा सरळ. पडू द्या ह्यांची भित्ताडं."

त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं. माझे दिवस भरत आले होते. "तुमची म्होरली खोली पडली तर बाळंतीण कुठं निजंल गं?"

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर मळ्यात गेले. त्या आपल्या जागेत मांडी घालून बसल्या, समाधीवर हात ठेवला आणि कानडीत बोलायला लागल्या. मला कानडी येत नव्हती. पण बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला आणि त्या रडल्या. अक्कांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. शेवटी पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "सांगितलं त्येन्ला. काय बोलंनात."

"रागावल्यात?"

"जित्तेपनी तरी कुठं बोलत व्हते!" आणि डोळ्यांत पाणी असतानाच त्यांना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आल्यावर त्या म्हणाल्या, "मळ्यातनं न्या."

"सोच लिया, अम्मा?"

"व्हय. पेठंत मानसं ऱ्हात्यात. माझी जागा तर रिकामीच हाय अजून."

सडक मळ्यातून गेली. माझी लेक पुढच्या खोलीतच जन्मली, तिला पहिली अंघोळ अक्कांनी घातली. दुकानापुढून जाणारे गाडीवान तेवढे कमी झाले.

निजामाचं राज्य गेलं आणि पुढच्या उन्हाळ्यात अक्काही गेल्या. दोन दिवस ताप आला, एवढंच निमित्त. मालकांच्या एका बाजूला सडक, दुसऱ्या बाजूला ओढा. शेजारी जागा उरलीच नव्हती. म्हणून सडकेच्या पलीकडं, मळ्याच्या उरलेल्या तुकड्यात त्यांच्यासाठी खड्डा घेतला. बसवताना दिशेचा प्रश्न निघाला, तेव्हा माझे सासरे पुढं झाले. "तोंड मालकाकडं करा," एवढंच ते म्हणाले. विधी करणाऱ्या जंगम स्वामींनीही मान डोलावली.

सगळी पेठ आली होती. आमच्या माणसांनी दोन्ही बाजूंच्या मोटारी अडवून धरल्या होत्या. माती देऊन झाली आणि त्या सोडल्या. मी लेकीला कडेवर घेऊन अक्कांजवळ उभी होते. पहिली मोटार त्या दोघांच्या मधून गेली, आणि धुरळा खाली बसेपर्यंत मला पलीकडचे मालक दिसेनात.