गाठीला कात्री नाही

माझी मावशी जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीचे नवे विणायची. गाठ आली की सुईच्या टोकाने सोडवत बसायची. कोणी कात्री पुढे केली की हातावर फटका. "कापायला अक्कल लागत नाही," म्हणायची.

मग मावशी माणसं विसरायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पेशीतला डीएनए म्हणजे धागाच. त्याला कुठेकुठे चौपदरी गाठी बसतात. तरुणपणी पेशी त्या सोडवत राहते. म्हातारपणी मेंदूत त्या साचतात, आणि गाठीत अडकलेल्या सूचना पेशीला वाचता येत नाहीत."

"मग सोडवा की!" मावशी खेकसली. "एवढं शिकलात कशाला?"

"अजून कोणाला जमलेलं नाही, आजी."

"बरं. पण कात्री लावू नका."

घरी येईपर्यंत तिने डॉक्टरांचा पार उद्धार केला. आम्ही दोघी पोट धरून हसलो, ते शेवटचं.

काल ती खिडकीपाशी एक स्वेटर उसवत बसली होती. मधेच थांबली आणि माझ्यापुढे हात केला.

"अहो बाई, जरा कात्री देता का?"

मी तिच्या हातातला धागा बोटांतून सरकवत शेवटपर्यंत पाहिला. एकही गाठ नव्हती.