कुंडलिकेच्या काठावर राहिलो आम्ही

बायकोच्या हृदयात स्टेंट टाकला त्याला वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात आम्ही घरच्यांनी तिला पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. मग एक दिवस ती म्हणाली, मला कुंडलिका नदीत राफ्टिंग करायचंय. मी पेणचा माणूस, रोह्याकडे शंभर वेळा गेलेलो. पण रबरी बोटीत बसून मुद्दाम खळाळत्या पाण्यात शिरायचं, हे रिकामटेकड्यांचे धंदे, असं माझं स्वच्छ मत. तरी तिच्या हट्टापुढे माझं कधी चाललंय?

तिथे आयोजकांनी दोघांचा मिळून एक फॉर्म दिला. हृदयविकार आहे का? ती कानाशी लागली, ‘नाही’ लिहा, नायतर घेणार नाहीत. मी लिहिलं. खाली छापलं होतं, काही झाल्यास जबाबदारी सही करणाऱ्याची. मी सही ठोकली आणि वर तिला ऐकवलं, बघ, सही घेतली की हे हात झटकायला मोकळे.

पण आमच्या बोटीचा गाइड तसा नव्हता. नदीकाठच्याच वाडीतला, तिशीचा असेल. त्याने सगळ्यांना हेल्मेटं घातली, जॅकेटचे पट्टे असे आवळले की माझं पोट आत गेलं. मग बोट ढकलण्याआधी त्याची रोजची रीत. प्रत्येकाला शेजारच्याबद्दल विचारायचं. म्हणाला, स्वतःचं दुखणं माणूस लपवतो, शेजारच्याचं लपवताना जीभ अडखळते.

माझी पाळी आली. ‘काका, काकींना काय त्रास हाय का?’

ती माझ्याकडे बघत होती. वर्षभरात तिचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. खरं सांगितलं तर तिचा दिवस फुकट जाणार. नाही सांगितलं आणि मधल्या धारेत काही झालं तर? पुढचं मनातही आणवेना. सांगून टाकलं.

तो रागावला नाही. हात धरून तिला खाली उतरवलं. डॉक्टर हो म्हणाले तर चिठ्ठी घेऊन या, खालच्या संथ पाण्यात मी स्वतः नेतो, म्हणाला. ‘धरणाचं पाणी काय, रोज सकाळी सुटतंय. तुम्ही ऱ्हायला पायजे, काकी.’

मीही उतरलो. बोटी वळणापलीकडे गेल्या. आम्ही काठावरच्या दगडावर डबा उघडला. तांदळाची भाकरी पुढे केली, तिने घेतली नाही. अगो, मी खरं बोललो म्हणून एवढा राग? मी विचारलं.

‘खरं बोललात म्हणून नाय,’ ती पाण्याकडे बघत म्हणाली. ‘फॉर्मवर खोटं लिहिलंत म्हणून. लिहा म्हणाले मीच, व्हय. पण तुम्ही एकदा तरी अडवाल असं वाटलेलं. तुमचा हातसुद्धा थांबला नाय.’

चुकलो एवढंच म्हणता आलं, आणि मग भर सकाळी, माणसांदेखत मला रडू कोसळलं.

तिने पदराने माझं तोंड पुसलं. म्हणाली, ‘पुरे आता. लोकांना वाटेल, बायको वाहून गेली.’