न मागता दाखवलेलं तिकीट

आमच्या खालच्या मजल्यावरचे भाऊ बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी इमारतीत सगळे त्यांना चेकरच म्हणतात. दुधाची पिशवी ते उजेडात धरून बघतात. लिफ्ट दुरुस्त झाली असं कळलं की आधी दुसऱ्या कुणाला तरी चढू देतात. कोपऱ्यावरची भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, टोमॅटो आहे तो, खोटी नोट नव्हे! किती उलटापालटा कराल?" त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, यावर हसायच्या. "लग्नाआधी मला बघायला आले, तेव्हा निघताना दारातून परत वळले. तीच आहे ना, याची खात्री करायला."

त्या हसऱ्या वहिनींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भाऊंनी घरी सगळं केलं, पण एकदा त्यांना उचलताना दोघंही पडले, आणि मुलीने दुरून फोनवर रडून रडून आईला वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवायला लावलं. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. जेवण नीट बसवून द्यायचं, घास लहान, आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही. घाई झाली आणि अन्न श्वासनलिकेत गेलं, तर जिवावर बेतेल.

मी अधूनमधून भाऊंबरोबर जात असे. जागा स्वच्छ होती. फरशीला फिनाइलचा वास, खिडक्यांना धुतलेले पडदे. भेटायला मात्र दुपारी चारनंतरच सोडत. "जेवणाच्या वेळी गर्दी नको," असं व्यवस्थापिकाबाई गोड आवाजात सांगत. मजल्यावरच्या मावशी जिन्यातच भेटल्या की आपणहून म्हणत, "जेवल्या हो मस्त! ताट अगदी लख्ख."

एका संध्याकाळी परत येताना भाऊ फाटकाशीच थांबले.

"बाई, गाडीत शिरल्यावर मी आधी कुणाकडे बघायचो, माहीत आहे?"

"मागे लपणाऱ्याकडे?"

"छे! न मागता तिकीट पुढे करणाऱ्याकडे. ते हमखास कालचं असायचं."

त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती अशी. त्यांचा हिशोब साधा होता. घरी वहिनींना भरवायला त्यांना स्वतःला दुपार पुरत नसे. इथे अख्ख्या मजल्याला एकच मावशी. कुणाच्या दारावरचा बोलावण्याचा दिवा लागलेला, कुणी कूस बदलायला हाक मारतंय, आणि ती बाई हातमोजे बदलत धावतेय. मग ताट लख्ख होतं कसं? एकतर कोंबत असतील, नाहीतर फेकत असतील.

त्यांनी कचऱ्याचा डबा पाहिला. बेसिनची जाळी उचलून पाहिली. गादीखाली हात घालून शितं शोधली. मला अवघडल्यासारखं होई, पण मीही दाराशी उभी राहून कुणी येतंय का ते बघत असे.

वहिनी डाव्या हाताने समोरच्याचा हात दाबून हो म्हणत. भाऊंनी विचारलं, "जेवलीस?" त्यांनी दाबला. "मावशीने भरवलं?" हात तसाच राहिला आणि नजर समोरच्या पलंगाकडे गेली.

"बघितलंत? घाबरलीय ती," भाऊ माझ्या कानाशी पुटपुटले.

समोरच्या पलंगावर एक आजी असत. चार वाजता त्या भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेल्या दिसायच्या. त्यांना काही आठवत नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी त्यांच्या झग्याच्या खिशातून चमच्याचा दांडा डोकावत होता. भाऊंनी तो पाहिला आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"सापडला फुकट्या," ते जिन्यात म्हणाले. "हिचं ताट ती म्हातारी साफ करते. मावशीचं काम वाचतं, हिचं पोट मारलं जातं."

दुसऱ्या दिवशी आम्ही भर दुपारी गेलो. भाऊंच्या मते चेकरने पुढच्या दाराने चढायचंच नसतं. मागच्या बाजूला धुतलेल्या चादरींची गाडी लागली होती. त्यांनी एक गठ्ठा स्वतः उचलला, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चेहरा कंटाळलेला ठेवा. काम करणारा माणूस इकडेतिकडे बघत नाही." कुणीही हटकलं नाही.

वर जेवणाची ढकलगाडी मधेच सोडलेली होती. पलीकडच्या खोलीत मावशी एका जाड्या आजोबांना एकटीच उठवून बसवत होती. आम्ही वहिनींच्या दाराशी आलो.

वहिनी ताठ बसल्या होत्या. पाठीला दोन उशा, गळ्याशी टॉवेल. समोरच्या आजी त्यांच्या पलंगाच्या कडेला टेकून, मऊ भाताचा इवलासा घास चमच्यावर घेऊन थांबल्या होत्या.

"गिळ, धाकटे. गिळलास? आ कर बघू. लबाड! गालात ठेवलायस." त्यांनी वहिनींच्या गळ्यावरून हलकेच बोट फिरवलं, आणि गळा हलल्यावरच चमचा पुढे केला.

भाऊंच्या हातून गठ्ठा पडला. "कोण तुम्ही? हे काय चाललंय?"

"शू!" आजी न वळताच म्हणाल्या. "तोंडात घास आहे तिच्या." तो खाली उतरल्यावर त्यांनी मान वळवली. "आणि तुम्ही कोण? न विचारता कसे आत आलात?"

"मी तिचा नवरा!"

"हिचं लग्न झालं?" आजींचा चेहरा पडला. "मला कुणी बोलावलंसुद्धा नाही."

वहिनींच्या तोंडाची डावी बाजू हसली. ते हसू आम्ही झटक्यानंतर प्रथमच पाहत होतो.

तेवढ्यात मावशी आली आणि दारातच थिजली. "ओरडू नका, काका. मी एकटी. इथे बसले तर बाकीचे उपाशी राहतात. या त्यांना आपली धाकटी बहीण समजतात. पहिल्या दिवसापासून चमचा हातातून सोडत नाहीत."

"आणि उद्या विसरल्या तर? एकदा भरवलं हे विसरून पुन्हा भरवलं तर?"

मावशीने मान खाली घातली. "त्याच भीतीने मी दर थोड्या वेळाने डोकावते. खोटं कशाला बोलू?"

भाऊ तडक खाली गेले. जेवणाच्या वेळी आणखी एक बाई हवी, एवढंच त्यांनी मागितलं. व्यवस्थापिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं सांगितलंत. त्या आजींना आजच वरच्या मजल्यावर हलवते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. भाऊंनी विचारलं, "मग हिला भरवणार कोण?"

"मावशी आहेत ना."

"कुठल्या मावशी? तीच एक?" त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "त्यांना हलवायचं नाही. मी रोज जेवणाच्या वेळी येणार. तुमचं दार त्या वेळी का बंद असतं, ते आज मी पाहिलं. बाकीच्यांच्या घरच्यांनाही घेऊन येऊ का?"

बाईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं. "तुम्ही येत जा," त्या म्हणाल्या. "दुसरी बाई शोधायचं चाललंच आहे."

"चाललंच आहे" या शब्दांवर भाऊंनी अर्थातच विश्वास ठेवला नाही. मुलीला कळवलं, इतर घरच्यांना फाटकाशी गाठलं. पुढे दुपारी दुसरी बाई आली. ती खरोखर येते का, हे भाऊ अजूनही पाळतीवर राहून बघतात.

भरवतात मात्र आजीच. भाऊ स्टुलावर बसून वहिनींच्या गळ्याकडे बघतात. आजी रोज त्यांना विसरतात आणि रोज विचारतात, "तुम्ही कोण?" मग भाऊ खिशातून लग्नाचा फोटो काढून देतात. आजी तो उजेडात धरतात, मागून बघतात, त्यातल्या तरण्या पोराचं नाक भाऊंच्या नाकाशी ताडून पाहतात, आणि मगच बसायची परवानगी देतात.

परवा मी बरोबर होते. वेळ वाचवावा म्हणून भाऊंनी दारातूनच फोटो पुढे केला. आजींनी चमचा खाली ठेवला आणि वहिनींच्या अंगावरची चादर वर ओढली.

"मी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "न विचारता का दाखवताय?"

भाऊंनी निमूटपणे फोटो खिशात घातला आणि त्या विचारतील याची वाट बघत दाराशीच उभे राहिले.