जरा जवळ सरका

आमचे हे फोटोग्राफर. गल्लीत यांना कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे ‘जवळसरका’च म्हणतात. जोडपं नवं असो की साठी उलटलेलं, कॅमेऱ्यामागून यांचं वाक्य ठरलेलं, ‘जरा जवळ सरका.’ मग पुढे यायचं, नवऱ्याचा हात उचलायचा आणि बायकोच्या खांद्यावर ठेवायचा, कपाटावर फुलदाणी ठेवावी तसा. स्वतः मात्र आमच्या लग्नाच्या फोटोत दाढ दुखत असल्यासारखे उभे आहेत. विचारलं तर म्हणतात, ‘त्या फोटोग्राफरला सांगताच येत नव्हतं.’ कॉलर सरळ करणं, केसांची बट मागे सारणं आणि पडेल ती हमाली हे माझं खातं.

दुकानाच्या काचेत एकच मोठा फोटो असायचा. पलीकडच्या चौकात राहणारं जोडपं, तो बँकेत, ती शाळेत शिकवायची. त्याचा हात तिच्या खांद्यावर, दोघं मनापासून हसतायत. जोडा असावा तर असा, म्हणत लोक थांबायचे, आणि आत येऊन ‘आमचा अगदी असा काढा’ म्हणून हटून बसायचे. या फोटोने आमचं घर चालवलं म्हटलं तरी चालेल.

नंतर ती गेली आणि पोलिसांनी त्याला धरलं. खटला चालू होता तोवर फोटो तसाच राहिला. ‘कोर्टाला ठरवू दे,’ हे म्हणायचे. मंगळवारी कोर्टाने ठरवलं. नवरा दोषी, खून त्यानेच केला. कसा केला ते पेपरात आलंय, मी लिहिणार नाही.

तासाभरात काचेसमोर गर्दी. मेडिकलवाला सगळ्यांत पुढे.

‘मला पहिल्यापासून संशय होता. खांद्यावरचा हात बघा. प्रेम नाही ते, पकड आहे पकड!’

‘आणि तिचं हसू बघा,’ इस्त्रीवाल्याची बायको म्हणाली. ‘ओठ हसतायत, पण डोळ्यांत भीती आहे.’ याच बाईने स्वतःच्या फोटोच्या वेळी ‘मला अस्संच हसू पाहिजे’ म्हणून यांना घाम फोडला होता.

माझं डोकं फिरलं. ‘संशय होता तर इतकी वर्षं तोंडात मूग धरून का बसलात?’

‘दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसायचं, वहिनी?’ मेडिकलवाला म्हणाला.

‘मग आता काय करताय?’

मागून कुणीतरी पुटपुटलं की टाळी काही एका हाताने वाजत नाही. मी म्हटलं, ‘टाळी नाही हो वाजली, माणूस मेलंय.’ तो कोण ते दिसलं नाही, नाहीतर तिथेच खरडपट्टी काढली असती.

तेवढ्यात हे बाहेर आले. ‘तो हात मी ठेवला होता,’ म्हणाले. ‘त्याने खिशात घातला होता. मी काढून तिथे ठेवला. बोटंसुद्धा मीच सारखी केली.’

मेडिकलवाला म्हणाला, ‘ठेवला तुम्ही. पण दाबला कुणी?’

लोक म्हणाले, खुन्याचा फोटो लावून धंदा करता, आधी काढा तो. हे म्हणाले, ‘त्याला काढला तर तिलाही काढावं लागेल. तिने काय केलंय?’ आणि आत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी लग्न ठरलेली एक जोडी आली. हे कॅमेऱ्यामागे गेले, ‘जरा’ म्हणाले आणि अडकले. मुलाने विचारलं, ‘काका, हात कुठे ठेवू?’ हे म्हणाले, ‘तुमचं तुम्ही बघा.’ दोघांमध्ये एक खुर्ची मावली असती. फोटो आला तो बसची वाट बघणाऱ्या दोन अनोळखी माणसांसारखा.

चहाच्या वेळी यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी गंमत केली, ‘आजपासून भाजीची सुरी मी लपवून ठेवणार हं.’

यांनी कप खाली ठेवला. ‘तुला माझी भीती वाटते?’

‘वेड लागलंय का तुम्हाला?’ मी म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, क्षणभर मी यांच्याकडे नीट निरखून बघितलं. जन्म एका घरात काढला. हा माणूस मनात काय घेऊन झोपतो ते मला कुठे ठाऊक आहे? आणि मी काय घेऊन झोपते ते यांना तरी कुठे ठाऊक आहे? चहा गार झाला तो तसाच ओतून दिला.

शनिवारी फोटोतल्या त्या दोघांची मुलगी आली. हल्ली मामाकडे राहते, दहावीला आहे.

‘काका, तो फोटो मला द्या,’ म्हणाली. यांनी मुकाट्याने काचेतून काढला, फडक्याने पुसला.

‘आधी एक सांगा. हे हसणं खोटं होतं ना? तुम्ही हसा म्हणालात म्हणून हसले ना? सगळे तसंच म्हणतात, पण तिथे तुम्ही होतात. तुम्ही एकदा म्हणा, म्हणजे झालं. मग मला बाबांचा नुसता राग राग करता येईल. आत्ता तो नीट करताच येत नाही.’

नाक वाकडं असेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर ‘वाकडंच येणार’ असं सांगणारा हा माणूस. पण खाली बघून म्हणाला, ‘हो बाळ. मीच सांगितलं होतं हसायला.’

पोरीने मोठा श्वास सोडला. फोटो हातात घेतला, दाराशी गेली, आणि उजेडात बघता बघता थांबली.

‘काका, पण हे दोघं कॅमेऱ्यात बघतच नाहीयेत. बाजूला बघतायत. तिथे काय होतं?’

हे पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला लागले. मी गप्प राहायला हवं होतं. मला जमलं नाही.

‘तू होतीस,’ मी म्हटलं. ‘माझ्या कडेवर. माझा चष्मा ओढून तू स्वतःच्या नाकावर लावलास, तोही उलटा. यांनी काही सांगायच्या आतच ते दोघं हसले.’

‘बाबापण?’

‘आधी तेच हसले.’

ती परत आत आली आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. रडली नाही. फोटो मांडीवर ठेवून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

‘मग आता राग कसा करायचा, काकू?’ तिने विचारलं.

मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. मग मी जरा तिच्या जवळ सरकले.