जावयाला राग येतो की नाही

आमचं उदगीर जिल्हा होणार, ही बातमी दर उन्हाळ्यात येते. नळाला पाणी मात्र येत नाही. असाच एक दुष्काळी उन्हाळा मागं टाकून मी लेकीकडं गेले. जावई कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर नोकरीला. मूळचे नांदेडकडच्या भोकरचे, तिकडची बोली रांगडी, पण यांचं बोलणं इतकं मऊ, की मला धास्तीच बसली. लग्न झाल्यापासून या माणसाचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. राग येत नाही असा माणूस नसतो. मग यांचा राग जातो कुठं? माझ्या लेकीवर तर निघत नाही? परक्या मुलखात तिचं होतं कोण? तेवढं बघितल्याशिवाय परतायचं नाही, असं मी ठरवूनच आले होते.

त्यांनी मित्राची शिडाची बोट मागून आणली आणि आम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानं पलीकडच्या खाडीकडं निघालो. लेकीला बोट लागली, ती खालच्या खोलीत आडवी झाली. जावयांना डिवचून बघायला मला रान मोकळं मिळालं.

आधी पिठल्यात मीठ जास्त घातलं. जावयांनी पुन्हा वाढून घेतलं. "मामी, लई चांगलं झालंय." मग टाकीतल्या मोजक्या गोड्या पाण्यानं मी घळाघळा पाय धुतले. "धुवा मामी, खाऱ्यानं चरचरतं," म्हणाले. जीव कळवळला तो माझाच. उदगीरच्या बाईनं एवढं पाणी पायांवर ओतायचं म्हणजे पापच.

शिडाची दोरी खुंटीला नुसती गुंडाळलेली दिसली. सुटून जाईल म्हणून मी तिला बैल बांधतात तशी पक्की गाठ मारली. ही मात्र खोडी नव्हती, खरंच मदत होती.

खाडीच्या तोंडाशी वारा एकदम वाढला. बोट कलली आणि खडकाकडं वळायला लागली.

"मामी, शीड ढिलं करायचंय, ती दोरी जरा सोडता का?" जावई सुकाणूवरून म्हणाले.

मी गाठीशी झटले. सुटेना. खडकावरचे शिंपले दिसायला लागले.

"अगं म्हातारे, गाठ मारायला कुणी सांगितलं होतं? काप ती!" जावई ओरडले.

कांदा चिरायची सुरी जवळच होती. मी दोरी कापली, शीड फडफडत बाहेर गेलं आणि बोट खडकाला बगल देऊन निघाली. जावयांचा चेहरा लालबुंद. मी मात्र बघत होते खोलीच्या दाराकडं. आता लेक काय करते? दबून गप बसते का?

तिचं विस्कटलेलं डोकं वर आलं. "माझ्या आईवर ओरडायलास? वारा वाढलेला तुला दिसला न्हाई? पुढं बघ आधी."

"हाव, बघून राहिलो ना," जावई खाली मान घालून म्हणाले.

माझ्यापुढं नवऱ्याला 'अहो' म्हणणारी माझी लेक. ती त्यांना जरासुद्धा भीत नव्हती. मी तोंडाला पदर लावला आणि पोटभर हसले. तिला वाटलं, आई भेदरून रडतेय. तशी ती पुन्हा त्यांच्यावरच खेकसली.